मनीगे बा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या हौशी नाट्यमंडळाच्या हॉलची किल्ली चन्नम्माच्या कमरेला असते, आणि मंडळाचं अध्यक्षपदही आपल्याकडेच असल्यासारखं तिचं वागणं असतं. चपला दाराबाहेर, त्याही जोडीनं. स्टेजवर चहा न्यायचा नाही. संवाद आठवत नाही म्हणून भिंतीवर डोकं आपटायचं नाही, रंग नवा आहे. मंडळाचे चिटणीस चिंतामणीकाका बहात्तर वर्षांचे, पण पंखा लावायचा तर तेसुद्धा आधी तिच्याकडे बघतात. नवरा शिवपुत्र याच हॉलचा राखणदार होता. तो वारला तेव्हा आता हॉल कोण सांभाळणार, म्हणून काकांनी बैठक बोलावली. सभासद येऊन बघतात तो सतरंजी अंथरलेली, माठ भरलेला आणि चन्नम्मा दारात उभी. ठराव मांडायची वेळच आली नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली.

तिला नाटकातलं काय कळतं, असं मात्र कुणी म्हणू नये. मागच्या भिंतीला टेकून तिनं एवढी नाटकं बघितली आहेत, की काही नटांना त्यांच्या भूमिकेपेक्षा तिचीच धास्ती असते. लोक मध्येच उठून पाणी प्यायला बाहेर आले की नाटक पडलं, असा तिचा साधा हिशेब. "रडवा न्हायतर हसवा, पन लोकास्नी बसवा की," असं तिनं एका बड्या दिग्दर्शकाला तोंडावर सुनावलं होतं. तो बिचारा त्यानंतर फिरकला नाही.

मंडळाच्या जुन्या नटांचे गुडघे आणि आवाज एकदमच बसले, तेव्हा काकांनी विद्यापीठातल्या मुलांना हॉल उघडून दिला. अट एकच. युवक महोत्सवात जी एकांकिका न्याल, तिचा पहिला प्रयोग इथं पेठेतल्या लोकांपुढं करायचा. ऑगस्टात दहा-बारा पोरं आली. दिग्दर्शक हृषीकेश सांगोल्याचा. बोलताना तो हात असे फिरवायचा की समोरच्यानं जरा लांबच उभं राहावं. लिहिणारी इंद्रायणी नातेपुत्याची. अंगानं काडी, डोळे मोठे, आणि दिसेल ते वहीत टिपून घ्यायची खोड. पहिल्या आठवड्यात चपलांवरून चन्नम्मानं सगळ्यांची खरडपट्टी काढली. दुसऱ्या आठवड्यात ती त्यांच्यासाठी घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणायला लागली. मूलबाळ नसलेल्या त्या बाईला एकाएकी खाऊ घालायला बारा तोंडं मिळाली, त्याचा तिला झालेला आनंद तिच्या ओरडण्यातूनसुद्धा कळायचा.

एका संध्याकाळी ती झाडत होती आणि झाडता झाडता नेहमीसारखी गुणगुणत होती.

*दिवस बुडाला, मनीगे बा,*
*दिवा लागला, मनीगे बा...*

इंद्रायणी वही मिटून उभीच राहिली. "मावशी, हे कुणाचं गाणं?"

"कुनाचं असनार? माज्या अव्वाचं. आईचं गं."

"परत म्हणा ना."

चन्नम्मानं केरसुणी न थांबवता परत म्हटलं. इंद्रायणीनं मोबाईल पुढं धरला होता, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पोरगी हळवी आहे, एवढंच चन्नम्माला वाटलं.

इंद्रायणीला काय ऐकू आलं होतं, ते असं. दिवस बुडाला, मनी गे बा. म्हणजे अगं, माझ्या मनात माझा बाप. तिच्या घरी बापाला बाच म्हणत, आणि ती बारा वर्षांची असताना तो वारला होता. हृषीकेशनं विचारलं, "हे 'गे' काय आहे?" तर जुन्या ओव्यांमध्ये बायका एकमेकींना 'गे' म्हणतात, असं सांगून तिनं त्यावर वहीत अर्धं पान लिहिलं. सोलापुरात कानडी समजणारा माणूस शोधायला कोपऱ्यापर्यंतसुद्धा जावं लागत नाही. पण या बारा जणांत नेमकं कुणालाच कानडी येत नव्हती, आणि ज्याचा अर्थ आपल्याला लख्ख कळला आहे तो दुसऱ्याला विचारायचा कशाला?

तिनं बापलेकीची एकांकिका लिहिली. शेवटी विंगेतून चन्नम्मानं स्वतः गायचं, असं ठरलं. चन्नम्मा आधी "मी काय नाटकवाली हाय व्हय?" म्हणून फणकारली, आणि दुसऱ्या दिवशी ट्रंकेतली लग्नातली इरकल उन्हात टाकली. तालमीच्या वेळी ती स्वयंपाकाला घरी जायची, त्यामुळं नाटकात काय आहे ते तिनं बघितलं नव्हतं. आईचं संध्याकाळचं गाणं आहे, नाटकातही संध्याकाळ असेल, असं ती धरून चालली होती.

प्रयोगाला चार दिवस राहिले तेव्हा पहिली सलग तालीम झाली. चन्नम्मा विंगेत उभी राहून बघत होती. स्टेजवर बापाचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार. लेक फोटोपुढं बसून म्हणत होती, "बा, सगळं गाव तुला विसरलं. पण माझ्या मनी तूच आहेस, बा." हृषीकेशनं विंगेकडं हात केला. गाणं!

चन्नम्माचं तोंड उघडंच राहिलं. आवाज काही फुटेना.

"मावशी, घ्या की!"

"घसा बसलाय," चन्नम्मा म्हणाली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

आपलं गाणं कुठं नेऊन ठेवलंय, ते तिला त्या क्षणी कळलं होतं. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, घरात अर्धी कानडी, अर्धी मराठी. ती सहा वर्षांची असताना तिचा अप्पा गिरणीत काम लागलं म्हणून सोलापूरला गेला आणि त्यानं तिकडंच दुसरं घर केलं. एका म्हशीच्या जिवावर अव्वानं तीन पोरं वाढवली, आणि मरेपर्यंत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. त्या अव्वाचं गाणं आता बापाच्या फोटोला हार घालून म्हणायचं? चन्नम्माला हे सहन होण्यासारखं नव्हतं. पण सांगायचं तर कुणाला? ज्या पोरीनं आपल्या मेलेल्या बापाला या एका शब्दात ठेवलं होतं, तिला? तिथं तिची जीभ अडत होती.

मग दोन दिवस घसा बसलेलाच राहिला. इंद्रायणीनं ज्येष्ठमध आणलं, खडीसाखर आणली, स्वतःची ओढणी तिच्या गळ्याभोवती गुंडाळली. चन्नम्मा ठणठणीत गळ्यानं ज्येष्ठमध चघळत बसली आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी इंद्रायणी गरम पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याशेजारी पायरीवर बसली. "मावशी, नाही गायलात तरी चालेल. मी रेकॉर्डिंग लावीन. बा गेला तेव्हा मी रडलेच नव्हते. तुमचं गाणं ऐकलं आणि..."

"इंद्रा," चन्नम्मा म्हणाली. घसा एकदम मोकळा झाला होता. "बा म्हंजी बाप न्हाय गं."

"म्हणजे?"

"कानडी हाय ते. मनी म्हंजी घर. मनीगे बा, घरला ये. आमच्यात बापाला अप्पा म्हनतात. आन् ते गानं अव्वा म्हशीला म्हनायची. दिस मावळला, घरला ये. येवडंच हाय बग त्यात."

हृषीकेश दारात उभा होता. "आपण म्हशीसाठी रडत होतो?" असं म्हणून तो हसायला लागला, आणि 'मनी गे बा' छापलेलं पोस्टर गावभर लागलंय हे आठवल्यावर मट्कन खाली बसला.

"हसतोस काय रं!" चन्नम्मा कडाडली. "माजा अप्पा आमाला टाकून गेला. अव्वानं शेन काडून जगवलं आमाला. तिचं गानं त्याच्या फोटोम्होरं म्हनू व्हय? जीभ झडंल माजी."

इंद्रायणीचा चेहरा पडला होता. तिनं वही उघडली, 'गे'वर लिहिलेलं अर्धं पान बघितलं आणि मिटून टाकली. "गाणं तुमचं आहे मावशी," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणाल तर शेवट गाण्याशिवाय करू."

तिच्या डोळ्यांकडं बघवेना म्हणून चन्नम्मा समोरच्या गल्लीकडं बघत राहिली. पोरीलाही काहीतरी बोलायला हवं होतं. तिनं सहज विचारलं, "म्हैस ऐकायची का हो?"

"तर! लई गुनाची. दोन वळी म्हनल्या की वड्यावरनं सुटलीच. पुढं विकली तिला. मोटी अक्का उजवायची हुती."

"मग गाणंही बंद झालं असेल."

"छ्या, गानं कशाला बंद हुतंय? रोज म्हनायची की. दिवा लावला की उंबऱ्यात बसायची, सडकंकडं तोंड करून, आन्..."

चन्नम्मा तिथंच थांबली. छप्पन्न वर्षांची बाई, पण हा हिशेब तिनं आजवर कधी घातलाच नव्हता. म्हैस गेल्यावर पाचसहा वर्षं अव्वा रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसत होती. गोठा घराच्या मागं होता. सडक पुढं होती, आणि त्या सडकेवरून सोलापूरची एसटी यायची.

"यव्वा," एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग ती रडायला लागली. पदर तोंडाशी धरण्याचंही तिला सुचलं नाही. कुणाची वाट बघतेस, असं आपण तिला एकदाही विचारलं नाही. उलट मोठं झाल्यावर, म्हैस नाही आणि कसली गाणी म्हणत बसतेस, म्हणून तिच्यावर खेकसलो, हे तिला आठवत होतं.

इंद्रायणीनं तिचा हात धरून ठेवला. ती म्हणाली, "मावशी, मलाही माझ्या बाला तेच म्हणायचं होतं. ये म्हणून."

दोघी उठल्या त्या नाटक बदलूनच. हृषीकेशनं फोटो काढला, हार काढला. शेवटी स्टेजवर नुसतं दार, उंबऱ्यात बसलेली बाई, आणि कुणाला बोलावते ते सांगायचं नाही. दीड दिवसात नटांनी नवे संवाद घोकले. त्यातल्या एकानं भिंतीवर डोकंही आपटलं, पण चन्नम्मानं तिकडं दुर्लक्ष केलं.

प्रयोगाला हॉल भरला. पेठेतल्या अर्ध्या बायकांच्या घरात कानडीच बोलतात, तिथं अर्थ सांगायची गरज नव्हती. चन्नम्मा इरकल नेसून विंगेत उभी होती. हृषीकेशनं हात केला आणि तिनं सूर धरला. पहिल्यांदा 'मनीगे बा' म्हटलं तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी सरळ होऊन बसली. दुसऱ्यांदा म्हटलं आणि इंद्रायणी समोरच्या विंगेत डोळे मिटून उभी असलेली दिसली. पाणी प्यायला कुणी उठलं नाही.

तिसऱ्यांदा म्हणताना चन्नम्माला म्हैस आठवली नाही, अप्पाही आठवला नाही. उंबऱ्यात सडकेकडं तोंड करून बसलेली अव्वाच तिला दिसत होती, आणि गाणं आता तिच्यासाठीच होतं. दिवस बुडाला, अव्वा. कुणी येत नाही त्या सडकेनं. लई वाट बघितलीस. ऊठ आता, घरात ये.