तलावाकाठचा नाच

सासूबाईंना अर्धांगवायू झाला, त्यानंतरची ही गोष्ट. आम्ही बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हे कारखान्यात टर्नर होते. पहिल्या शिफ्टला उजाडायच्या आत निघायचे. दुपारपर्यंत आईंचं मी बघायचे, मग हे. रात्री ज्याला आधी जाग येईल तो उठायचा. दोघांनी मिळून घराबाहेर पडायचं असतं, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. लग्नाच्या आमंत्रणालासुद्धा एकानंच जाऊन यायचं.

नागपूरहून वन्सं आठवडाभर राहायला आल्या. आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही दोघं कुठंतरी फिरून या. आईजवळ मी बसते."

मी कपाटातून साडी काढली, पण तिला इस्त्री करायचा कंटाळा आला आणि अंगावरच्या ड्रेसवरच निघाले. कुठं जायचं ते सुचेना. मी सिनेमाचं नाव काढलं, तर हे म्हणाले, अंधारात बसलो की मला झोप लागेल. शेवटी स्कूटर मोठ्या तलावाकडे वळवली.

काठच्या रस्त्यावर गर्दीनं कडं केलं होतं. मधे जुना फ्लेक्स उलटा अंथरून कॉलेजची पोरं नाचत होती. पुढच्या लोकांनी जरा सरकून आम्हाला फुटपाथच्या कडेला बसायला जागा दिली. सात-आठ जण असतील. एक मुलगा डोक्यावर उभा राहून गिरक्या घेत होता, दुसरा हातपाय असे तोडून तोडून हलवत होता की वाटावं, याच्या अंगात हाडंच नाहीत. सगळ्यांत छान नाचत होती ती एक सावळी मुलगी, ढगळ टी-शर्टातली. ती धाडकन पाठीवर पडायची आणि हात न टेकता उठायची. पडलेल्या माणसाला उठवायला किती जोर लागतो, हे माझ्या कमरेला ठाऊक होतं. आणि ही आपली आपण उठत होती, वर हसत होती.

"बघा ना कशी उठते," असं म्हणून मी वळले, तर ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. गाढ झोपले होते. स्पीकरच्या एवढ्या दणदणाटात.

आधी मला रडूच आलं. इतक्या दिवसांनी बाहेर पडलो आणि पाहिलेलं बोलायलाही जवळ कुणी नाही. उठवावंसं वाटलं, पण हात उचलवेना. नंतर त्यांच्या डोक्याचं ओझं सवयीचं झालं.

नाच थांबल्यावर ती मुलगी पाण्याची बाटली घ्यायला आमच्याजवळ आली. ह्यांच्याकडे बघून थबकली. "आंटी, अंकल की तबीयत ठीक है ना?"

"ठीक है," मी म्हटलं. "बस, थके हैं।"

तिनं मान हलवली. परत जाताना वाकून स्पीकरचं तोंड दुसरीकडे फिरवलं. पुढचा नाच मी एकटीनंच पाहिला.

घरी आलो तर दार नुसतं लोटलेलं. वन्सं खुर्चीत बसल्या बसल्या झोपी गेल्या होत्या, तोंड उघडं. हे चपला काढून जे आडवे झाले ते झालेच. आई तेवढ्या जाग्या होत्या. मी त्यांना कुशीवर वळवलं. त्यांचे शब्द अडखळत यायचे, त्यांनी विचारलं, "काय पाहिलंत?"

"नाच, आई. रस्त्यावर पोरं नाचत होती."

"सांग."

माझे डोळे मिटत होते. तरी पलंगाच्या कडेला बसून मी सांगितलं: फ्लेक्स, गिरक्या, ती सावळी मुलगी. ती पाठीवर पडून हात न टेकता उठते, हे आईंनी मला दोनदा सांगायला लावलं. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या.

"त्याला आवडला?"

"खूप," मी म्हटलं.

त्यांनी चांगला हात माझ्या मांडीवर ठेवला. तो तसाच राहू देऊन मी भिंतीला टेकले. वन्संनी आठवडाभरात पुन्हा दोनदा आग्रह केला, पण आम्ही गेलो नाही. त्या दोन्ही संध्याकाळी आम्ही आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि झोपलो.