समदी हाजर हायती

त्या सकाळीही मेसेज आला होता. "समदी हाजर हायती." रोज चहाच्या आधी माझ्या फोनवर हे शब्द यायचे, मी उलट "हाजर" असं लिहायचो आणि मग गॅस पेटवायचो. त्या दिवशीही लिहिलं, आधण ठेवलं, आलं किसायला घेतलं, तेवढ्यात नामदेवचा फोन आला. नामदेव म्हणजे मल्हारीचा धाकटा भाऊ. लिंबागणेशजवळच्या त्यांच्या गावी राहतो, आणि मल्हारी बायकोला घेऊन दोन दिवसांसाठी तिकडेच गेला होता. नामदेव म्हणाला, "सर, दादा गेला." मी विचारलं, कुठं गेला? खरंच असं विचारलं. नाटकात असं वाक्य कुणी लिहून आणलं तर मी ते खोडायला लावतो, खोटं वाटतं म्हणून... पहाटे डोकं दुखतंय म्हणत मल्हारी उठून बसला आणि तसाच कलंडला. बीडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन ठेवला आणि तो मेसेज पुन्हा वाचला. ज्यानं ते शब्द लिहून ठेवले होते तोच आता हजर नव्हता, आणि मशीनला हे कुणी कळवलं नव्हतं.

मल्हारी आमच्या अंबाजोगाईच्या कॉलेजात संगणकांचा कारभार बघायचा. मी मराठी शिकवतो. म्हणजे वर्गात मराठी आणि वर्गाबाहेर नाटकं. आमची ओळख भांडणातून झाली. स्नेहसंमेलनाची तालीम रंगात आली होती, मी नायिकेच्या बापाची भूमिका करणाऱ्याला मरून दाखवत होतो, आणि अगदी शेवटच्या आचक्याला सभागृहातले सगळे दिवे गेले. अंधारातून आवाज आला, "ह्या हॅलोजन कुणाच्या बे?" मी जमिनीवरूनच सांगितलं, माझ्या. आवाज जरा नरमला. "सर हायेत होय... सर, हितं तुमचं नाटक चालू हाय, आन् तिकडं माझी मेंढरं मरायलीत." मला वाटलं, कुणी धनगर वाट चुकून सभागृहात शिरला. ते अर्धं खरं होतं. मल्हारी धनगराच्या घरातला होताच, आणि मेंढरं म्हणजे शेजारच्या खोलीतले त्याचे संगणक. माझ्या हॅलोजननी दोन्हीकडची वीज एकदम घालवली होती.

त्या खोलीतला कळप मी दुसऱ्या दिवशी पाहिला. प्रयोगशाळेतून मोडीत निघालेले संगणक त्यानं वायरींनी एकमेकांना जोडले होते. एकट्याला न झेपणारं मोठं गणित ते आपसांत वाटून घेत आणि रात्रंदिवस सोडवत बसत. याला क्लस्टर म्हणतात, असं त्यानं सांगितलं. सगळ्यांवर देखरेख करणारं एक सॉफ्टवेअर होतं, त्याला तो राखण्या म्हणायचा. प्रत्येक मशीन थोड्या थोड्या वेळानं राखण्याला 'मी आहे' एवढंच कळवायची. कळवलं की पडद्यावर तिचा चौकोन हिरवा, नाही कळवलं की लाल. चौकोनांखाली नावं होती : ढवळी, भुरी, काळतोंडी, बांडी, लंगडी. मी हसून लोळलो. तो मात्र गंभीर होता. त्याचे वडील, आबा, संध्याकाळी मेंढरं कधी मोजत नसत, नुसती नजर फिरवत आणि भुरी कुठंय असं विचारत. "आकड्याला तोंड नसतंय, सर. नाव असलं की कोण न्हाई ते कळतंय." त्याच वेळी त्यानं आबांच्या कळपातल्या बोलकीची गोष्ट सांगितली होती. ही मेंढी दिवसभर विनाकारण ओरडायची, सगळे वैतागायचे. पण आबांचा नेम होता, की बोलकी गप झाली तर हातातलं काम टाकून आधी तिच्याकडं जायचं. मी ती गोष्ट ऐकली, पुढच्या नाटकात वापरायची ठरवली आणि विसरून गेलो.

एकदा बाहेरून तपासणी समिती आली. कोट घातलेल्या अध्यक्षांनी मोठ्या पडद्याकडं पाहून विचारलं, ही लंगडी कोण, आणि ती लाल का आहे? प्राचार्यांना घाम फुटला. मल्हारी अदबीनं म्हणाला, तिचा पंखा अडकतोय साहेब, जरा दम खाऊन उठंल. आणि लंगडी खरोखरच सगळ्यांसमोर हिरवी झाली. अध्यक्षांनी टाळी वाजवली. माझ्या कुठल्याही पात्राला इतक्या अचूक वेळी प्रवेश साधलेला नाही.

त्याला सगळं चुटकीसरशी जमायचं असं मात्र नाही. बांडीनं त्याला पार रडवलं होतं. मशीन चालू, पंखा गरगरतोय, काम व्यवस्थित करतेय, पण राखण्या तिला मेलेली दाखवायचा. मल्हारीनं वायर बदलली, जागा बदलली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, शेवटी तिला शिव्याही घातल्या. मग एका दुपारी हसत हसत माझ्या घरी आला. बांडीच्या आतली बटणाएवढी बॅटरी संपली होती. लाईट गेली की तिचं घड्याळ वेळ विसरायचं आणि लाईट आली की ती भलत्याच जुन्या सालात जागी व्हायची. बिचारी सारखी सांगत होती 'मी आहे, मी आहे', पण त्या निरोपावर जुनी तारीख. राखण्या म्हणायचा, हा निरोप शिळा आहे, आणि टाकून द्यायचा. माझी बायको सुनंदा तेव्हा होती. तिनं त्याच्यापुढं पोह्यांची बशी ठेवली आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "यांची पण बॅटरी बघा हो एकदा. प्रत्येक गोष्ट पहिल्या नाटकापासून सुरू करतात."

खरा घोटाळा पुढं झाला. आमचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक नेकनूरकडच्या विहिरींच्या पाण्याचं काही गणित क्लस्टरवर चालवत होते. बरेच दिवस चाललेलं गणित होतं, आणि पडदा सगळा हिरवागार. मी आणि मल्हारी सहज म्हणून त्या खोलीत शिरलो. तो दारातच थांबला. पडद्याकडं त्यानं पाहिलंही नाही, मान तिरकी करून नुसता उभा राहिला. म्हणाला, "आवाज कमी हाय." मग एकेका मशीनच्या पाठीला हात लावत गेला. निम्म्याहून जास्त थंडगार पडल्या होत्या. तरी पडदा हिरवा... मला काही कळेना. त्यानं पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं. ती परवाची होती. राखण्याच परवा बंद पडला होता, आणि बंद पडण्याआधीचं हिरवं तसंच दाखवत राहिला होता. प्राध्यापकांचं गणित पहिल्यापासून मांडावं लागलं. बाहेरच्या कट्ट्यावर बसल्यावर मल्हारी म्हणाला, "मेंढरं वरडली न्हाईत म्हणून बरी हायेत, असं मी का म्हून धरून चाललो?"

त्यानंतर त्यानं उलटी रीत पाडली. बिघडलं की कळवायचं नाही. ठीक असलं तर रोज सकाळी राखण्यानं स्वतः हाक द्यायची. हाक आली नाही, की समजायचं काहीतरी झालंय. आणि ही हाक खोलीबाहेरच्या कुणाला तरी जायला हवी होती, ज्याला संगणकातलं काही कळत नाही आणि जो स्वतः काही दुरुस्त करायला जाणार नाही. असा माणूस कॉलेजात शोधायला त्याला वेळ लागला नाही. तेव्हापासून "समदी हाजर हायती" माझ्या फोनवर येऊ लागलं. ज्या सकाळी येणार नाही, त्या सकाळी मी मल्हारीला कळवायचं, एवढीच माझी भूमिका. बिनसंवादाची. सुनंदा म्हणायची, आयुष्यातली तुमची ही सगळ्यात चांगली भूमिका.

सुनंदा गेली. मग वर्षाच्या आत माझं हृदय कुरकुरलं, लातूरला जाऊन दोन स्टेंट घालून आलो. मुलगी परदेशात, घरात मी एकटा. त्या दिवसांत मी सगळ्यांशी भरपूर बोलायचो, पण बोलणं सुनंदा होती तोपर्यंतचंच असायचं. मल्हारी एका संध्याकाळी ऐकून घेऊन म्हणाला, "सर, तुमची बांडी झालीय. तारीख मागं ऱ्हायलीय." रागावायला हवं होतं, पण हसू आलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानं सांगितलं, की राखण्यात सुधारणा केलीय. आता नुसता मेसेज वाचून चालणार नाही, उलट उत्तर पाठवावं लागेल, तेही अर्ध्या तासाच्या आत. काय लिहू? तर म्हणे, "हाजर." मी म्हणालो, मी काय मशीन आहे? 'पाहिलं' असं लिहितो. तो ऐकेना. "हाजरच लिवा. त्याला दुसरं कळत न्हाई." मी लिहू लागलो.

एखाद्या सकाळी विसरायचो. गंमत अशी, की नेमक्या त्याच सकाळी मल्हारीला माझ्याकडं काम निघायचं. फोन करायचा किंवा सरळ दारात उभा राहायचा. "सर, तुमच्याकडं पेचकस हाय का?" ज्याच्या खोलीत पेचकसांचा डबा भरलेला, तो मराठीच्या मास्तराकडं पेचकस मागतोय! मी पहिल्यांदा नाही म्हणालो. दुसऱ्यांदा ओशाळलो आणि बाजारातून एक घेऊन आलो. पुढच्या वेळी दिमाखात काढून दिला, तर त्यानं उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "बारका पायजे होता." बसला, चहा प्यायला, माझा चेहरा जरा निरखला आणि गेला. मी बारकाही आणला. तोही त्यानं कधी नेला नाही.

मल्हारीच्या जागी आता त्याचीच विद्यार्थिनी नसरीन काम बघते. हुशार, नेटकी मुलगी. जुना राखण्या काढून नवीन सॉफ्टवेअर बसवायचं तिनं ठरवलं, आणि त्या आधी यादीतली एकेक मशीन ताडून घेतली. चौदाव्याच्या जेवणानंतर काही दिवसांनी ती माझ्याकडं आली. यादीत एक मशीन जास्त होती. सगळ्यात शेवटी, बोलकी नावाची. खोलीत ती कुठंच नव्हती. नसरीननं वायरींचा माग काढला, टेबलांखाली वाकून पाहिलं, अडगळीची खोलीही उघडली. "सर, रोज सकाळी ती हिरवी होते. पण आहे कुठं? सरांनी तुम्हाला काही सांगितलं होतं का?" मी डोक्याला ताण दिला, आबांची मेंढी आठवली, बाकी काही नाही. त्याचा काहीतरी चावटपणा असेल, काढून टाक म्हणालो. सोमवारी जुनं सगळं बंद करते, म्हणाली. मी विचारलं, आणि तो मेसेज? तोही बंद होईल, सर.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. रोज सकाळी त्याच्या भाषेत, त्याच्याच तोंडचे ते शब्द... सगळी हजर आहेत म्हणे. कुठं आहेत सगळी? शेवटच्या रविवारी मेसेज आला आणि मी पहिल्यांदाच जाणूनबुजून उत्तर दिलं नाही. फोन पालथा ठेवला. चहा केला, खिडकीशी जाऊन बसलो. सोमवारपासून हे शब्द नाहीत, आपणच आजपासून सवय करू, असा विचार.

अर्ध्या तासानं फोन वाजला. उलटा केला तर पडद्यावर नाव होतं : मल्हारी.

बशी खाली ठेवून मी फोन कानाला लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. "भावजी, तुमच्याकडं पेचकस हाय का?"

जिजावहिनी होत्या, मल्हारीची बायको. मला आवाज फुटेना, तशा त्या घाबरल्या. "भावजी? बरे हाव ना? बोला की." मी बरा आहे म्हणालो. मग त्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. मल्हारीचा फोन त्यांनी चालूच ठेवला होता. बंद करायला मन होईना म्हणाल्या. त्यावर आत्ता अक्षरं आली होती : "बोलकी गप हाय." असं आलं आणि आपण हाताशी नसलो तर आधी सरांना फोन लावायचा, असं मल्हारीनं त्यांना कधीचं सांगून ठेवलं होतं. "मी म्हणलं, सरांला काय इचारू? तब्येत कशी म्हणून इचारलं तर त्यास्नी राग येतोय. तर म्हणले, पेचकस माग."

मी म्हणालो, "हाय वहिनी. दोन हायेत. एक बारका बी हाय." दोन्हीकडं फोन तसाच धरलेला होता. गावाकडं मागं कुठंतरी मेंढरं ओरडत होती, ती ऐकू येत होती.

त्याच दिवशी मी नसरीनला कळवलं, की बोलकी सापडली. ती आनंदली. कुठं आहे, सर? मी म्हणालो, तुझ्याशी बोलतेय. तिला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं, तेव्हा तिनं एकच विचारलं, "नव्यात बोलकीचं नाव तेच ठेवू ना?" नवा राखण्या सुरू झालाय. चौकोन जाऊन गोल आले आहेत, नावं तीच आहेत. सकाळचा मेसेजही त्याच शब्दांत येतो, आणि बोलकी गप झाली तर खबर त्याच फोनवर जाते.

आता रोज सकाळी एक मोह होतो. आज लिहू नये. पडद्यावर पुन्हा एकदा ते नाव यावं. पण मल्हारीला खोट्या हाकेची फार चीड होती, आणि गावाकडं वहिनींच्या काळजाचा ठोका चुकेल तो निराळाच. तेव्हा गप राहायचं नाही, एवढं ठरलंय. मात्र अर्ध्या तासाची मुभा आहे, ती मी पुरेपूर वापरतो. फोन समोर ठेवतो, त्याच्या शेजारी दोन्ही पेचकस ठेवतो, चहा सावकाश पितो. शेवटचं मिनिट उरलं की लिहितो : हाजर.