झिंग्यांना तांब्याचं पाणी

तांबं म्हणजे काय चीज आहे हे मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या संभाजीनगरात दुसऱ्या कुणाला कळत नसंल. माझ्या पोरीचे पाच झिंगे मी त्याच तांब्यानं मारले.

आता झिंगे म्हणलं की लोकाला कालवणातले वाटतात. ते नाय. पोरगी त्यांना श्रिंप म्हणते. करंगळीच्या एका पेराएवढे, लाल मिरचीच्या रंगाचे, काचेच्या टाकीत राहणारे. टाकीत मासा एकबी नाय. नुसती हिरवी झाडं, एक वाकडा लाकडाचा तुकडा, त्याच्यावर शेवाळ, आन त्या शेवाळात दिवसभर काहीतरी वेचत बसलेले हे बारके जीव. शेजारचे काका पहिल्यांदा बघायला आले तवा म्हणले, "एवढ्याशानं तोंड तरी ओलं व्हईल का?" पोरगी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाय.

माझा धंदा कल्हईचा. मामाच्या हाताखाली शिकलो. शाळा दुसरीतच सुटली. मी शाळा सोडली का शाळेनं मला सोडलं, ह्याच्यावर मास्तरचं आन माझं एकमत कधीच झालं नाय. सायकलला भाता बांधून दौलताबाद करायचो, वेरूळ करायचो, बाजाराच्या दिवशी एसटीच्या टपावर सायकल टाकून पिशोर गाठायचो. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, की भांडं आतून चांदीवाणी. आन बायांपुढं एक भाषण ठरलेलं: "माय, बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवू नका. तांबं उतरतं त्याच्यात, ताक कळकतं. लेकरांच्या पोटात गेलं तर उलट्या व्हतील." हे भाषण मी तीस वर्षं ठोकलं. ऐकणाऱ्या सगळ्यांनी ध्यानात ठेवलं, मी सोडून.

मग घरोघर स्टील आलं आन माझा भाता थंड पडला. आता मी कुकरच्या शिट्ट्या आन गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. जुन्या धंद्यातली एक तांब्याची घागर तेवढी घरात ठेवली. नुसत्या पाण्याच्या घागरीला कल्हई लागत नाय, म्हणून ती आतनं-बाहेरनं नुसतं तांबंच. दर रविवारी चिंच लावून घासतो. बायको म्हणते, एवढं कधी माझ्या तोंडाकडं बघितलं नाय.

पोरगी नर्सिंग शिकायला नाशिकला निघाली, तवाची ही गोष्ट. टाकी तिची. वर्षभर तिनं ते बारा झिंगे जिवापाड सांभाळले होते, पण एकाही मादीनं अंडी धरली नव्हती. आन जायच्या चार दिवस आधी एकीच्या पोटाखाली पिवळी पिवळी अंडी दिसली, खसखशीपेक्षा जराशी मोठी. पोरगी नाचलीबी आन रडलीबी. म्हणली, "पप्पा, मी जातच नाय."

मी म्हणलं, "मी आहे ना!"

ती म्हणली, "म्हणूनच."

शेवटी गेली. जाताना मला टाकीपुढं बसवलं. "पप्पा, अंडी फुटायला महिना लागंल. तेवढं सांभाळा. आठवड्यातनं दोनदा उकडलेल्या पालकाचं एक पान. पाणी कमी झालं की निळ्या बादलीत दोन दिवस उघडं ठेवलेलं पाणी, तेबी फक्त एक मग. नळाचं थेट ओतू नका, त्याच्यात औषध असतं. सगळं कागदावर लिहून ठेवलंय."

"कागद कशाला? पाठ झालं सगळं."

"आन बाकी काहीच करू नका. पिल्लं झाली की फोटो पाठवा."

मला काही करू नका म्हणणं म्हणजे माकडाला झाडाखाली नुसतं बसायला सांगणं. पण पहिले दोन दिवस बसलो.

तिसऱ्या दिवशी टाकीच्या तळाला एक झिंगा मेलेला. काचेसारखा पारदर्शक, आत काहीच नाय, नुसतं कवच. बाहेर काढला, कोरफडीच्या कुंडीत खड्डा करून पुरला, वर एक फूल ठेवलं आन पोरीला फोन लावला. "बाळा, मन घट्ट कर."

ती सगळं ऐकून घेऊन हसायला लागली. "पप्पा, ती कात आहे. साप टाकतो तशी. आतला झिंगा मजेत फिरत असंल, मोजा. आन कात परत टाकीत टाका, ते खातात ती."

मोजले. बारा. मग बायकोच्या देखत कुंडी उकरून कात काढली, धुतली आन टाकीत सोडली. बायको म्हणली, "माणूस मेल्यावर पुरत्यात. तुम्ही कपडे पुरले."

ह्या फजितीचा परिणाम लई वाईट झाला. त्या दिवसापासनं मी स्वतःला काती ओळखणारा समजायला लागलो.

दुसऱ्या आठवड्यात नळ आला. आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो, त्यामुळं त्या दिवशी घरातली वाटीसुद्धा भरून ठेवायची. मी निळी बादली भरायला घेतली आन हात थांबला. कडा तुटलेली, रंग उडालेली प्लास्टिकची बादली. ह्यातलं पाणी पोरीच्या झिंग्यांना? अंडीवालीला? घरात सोन्यासारखी घागर असताना? शिकलेली माणसंबी तांब्यातलं पाणी पितात, पोटाला चांगलं म्हणून. घागर चिंचेनं लखलखीत घासली, भरली, टाकीशेजारी ठेवली. खालची फरशी ओली व्हायला लागली म्हणून तिथंच पडलेला एक कागद घेऊन घागरीखाली सारला. दोन दिवस पाणी उघडं ठेवलं, अगदी पोरीनं सांगितलं तसं. मग एक मग कशाला, सणाला घर धुतो तसं टाकीतलं निम्मं पाणी काढलं आन घागर तिच्यात रिकामी केली. लई समाधान वाटलं. टाकीबी चमकत होती.

सकाळी उठून बघतो तर तळाला एक कात. मी बायकोला हाक मारली, "बघ, पाणी मानवलं. अंगाला लागलं की कात टाकतात." दुपारपर्यंत तीन झाल्या. जेवण करून आलो तर पाच. मी शेजारच्या काकांनाबी बोलवून दाखवल्या.

बायको टाकीजवळ वाकली. "अवो, मागची कात काचेसारखी होती ना?"

"व्हय."

"मग ह्या गुलाबी कामून? उकडल्यावाणी दिसतात."

मी चमचा घालून एक हलवून बघितली.

"काती नाय ह्या," ती म्हणली. "मयती आहेत."

पायात चप्पल घातली का नाय ते आठवत नाय. शहागंजाकडं पोरगी जिथनं झिंगे आणायची त्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्या पोरीच्या वयाचा, जाळी धुत बसला होता. मी सगळं सांगितलं.

"चाचा, पानी कायमें रखे थे?"

"तांबे की घागर में. एकदम साफ. चिंच से घासा."

त्याच्या हातातली जाळी तशीच राहिली. "तांबा? चाचा, झिंगे को तांबा मतलब जहर! जरासा भी नै चलता. आप करते क्या?"

"कल्हई," मी म्हणलं.

त्यानं जाळी खाली ठेवली. मला पिशोरचा बाजार दिसायला लागला, बायांचा घोळका, आन मधे मी बोट वर करून: तांबं उतरतं त्याच्यात, माय. तीस वर्षं ताकाची काळजी केली. पाण्यात राहणाऱ्या जिवाची केली नाय. वर चिंचेनं घासून घासून त्याला उतरायला मोकळं करून दिलं.

दुकानदार भला माणूस. त्यानं स्वतःच्या जुन्या टाकीतलं पाणी जारभर दिलं, मूठभर शेवाळ दिलं, पाण्यातलं वाईट ओढून घेणारा बारीक कोळसा दिला.

मी म्हणलं, "कोळसा तो मेरे पास पोताभर है. भट्टी का."

"चाचा," त्यानं खरोखर हात जोडले, "वो मत डालो. अब अपनी तरफ से कुच बी मत डालो."

घरी आलो. उरलेले सात झिंगे पाण्याच्या वरच्या कडेला चिकटून बसले होते, बुडणाऱ्या नावेतल्या माणसांवाणी. अंडीवाली त्यातच होती. बायकोनं टप धरला, मी एकेक झिंगा चमच्यानं उचलून टपात घेतला, आन दुकानदारानं शिकवल्याप्रमाणं बारक्या नळीनं नवं पाणी थेंब थेंब सोडलं, सलाईन लावल्यासारखं. एकदम ओतलं तर तेबी सोसत नाय म्हणे. दोन तास मी नळी धरून बसलो. आयुष्यात एवढा गप्प कधी बसलो नव्हतो. मनात एकच: अंडी टाकू नको, बाई. घाबरली की अंडी झटकून टाकतात, दुकानदारानं सांगितलं होतं.

तेवढ्यात बायकोनं ती घागर नजरेआड करायला उचलली. खालचा कागद फरशीला चिकटला होता. तिनं सोडवला, चष्मा लावला. ती सातवी शिकलेली. पोरीचं अक्षर, मधोमध घागरीच्या बुडाचा गोल ओला डाग. बायकोनं मोठ्यानं वाचलं: "पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवायचं नाय. हे पप्पांना मुद्दाम सांगणे."

मी नळी धरूनच घागरीकडं पाठ केली.

"फोन लावा," ती म्हणली. "मी नाय सांगणार."

लावला. सुरुवात गमतीनं करायचं ठरवलं होतं, पण जमलं नाय. सरळ सांगितलं. पलीकडनं वसतिगृहातल्या पोरींचा आवाज तेवढा येत होता. मग ती म्हणली, "अंडीवाली?"

"आहे."

"अंडी?"

मी टपाजवळ तोंड नेलं. पोटाखाली पिवळं दिसत होतं, आन ती मागचे बारके पाय हलवून अंड्यांना वारा घालत होती, काही घडलंच नाय असं.

"आहेत बाळा. वारा घालतीय."

पोरगी मोठ्यानं श्वास सोडून बोलली, "मग तिला वारा घालू द्या. तुम्ही हात मागं बांधा."

मी पुढचे दिवस खरंच हात मागं बांधून टपासमोर उभा राहायचो. दुकानदारानं सांगितल्याप्रमाणं टाकीतलं पाणी परत परत बदललं, निळ्या बादलीतलं. कोळसा ठेवला, त्याचा, माझा नाय. पंधरा दिवसांनी सातही झिंगे टाकीत परत सोडले. सातही जगले.

आन एका दुपारी, मी कुकरची शिटी हातात घेऊन टाकीपुढं बसलो होतो, तर शेवाळावरचा एक कण हलला. म्हणलं कचरा असंल. कचऱ्यानं उडी मारली. डोळे बारीक केले. मिशीच्या केसाच्या तुकड्याएवढा झिंगा! त्याच्या शेजारी अजून एक. पानाखाली चार. मोजायला लागलो, एकोणीस झाले, मग चौदाच दिसले, मग तेवीस. शिटी कुठं घरंगळली देव जाणे. मी बायकोला जोरात हाक मारली. बायको धावत आली, "काय झालं? अजून काय केलं तुम्ही?"

मी टाकीकडं बोट दाखवलं. तिनं चष्मा काचेला टेकवून बघितलं आन लई दिवसांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. छातीवरचा जड भाता कुणीतरी उतरवून खाली ठेवला, असं वाटलं मला.

फोटो मीच काढला. पहिल्यात माझा अंगठा आला, दुसऱ्यात काचेत माझं टक्कल. शेवटी बायकोनं काढला आन पाठवला.

पोरगी सुट्टीत आली ती बॅग दारातच टाकून टाकीपुढं बसली. पिल्लं तोवर चांगली लाल झाली होती, पालकाच्या पानावर गर्दी करून बसली होती. शेजारचे काकाबी आले. काकांना बघून मला रहावलं नाय. म्हणलं, "काका, नाजूक जीव असतात बघा हे. पाण्याचा अंदाज लागतो, धातूचं ज्ञान लागतं, तवा कुठं..."

पोरीनं टाकीवरची नजर हलवली नाय. "पप्पा, पुढच्या वेळेपासनं टाकी मम्मीच्या ताब्यात. तुम्ही शिट्ट्या बघा."