एक्केचाळीस नंबरचा दाखला

कारकुनाच्या टेबलावर दोन गोष्टी साठत जातात: अर्ज आणि किस्से. अर्ज निकाली काढता येतात. मी निवृत्त झालो तेव्हा एकही अर्ज मागे ठेवला नाही, किस्से मात्र सगळे घरी घेऊन आलो. आता संध्याकाळी मांडवीच्या बंधाऱ्यावर आम्ही चार निवृत्त माणसं बसतो आणि कोणीतरी म्हणतोच, "भाऊसाहेब, ते एक्केचाळीसचं सांगा!"

सांगतो. विश्वास ठेवायची सक्ती नाही. नोकरीत असताना मीही ठेवत नव्हतो.

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला सगळ्यांना चार 'ओळख' विषय असत. रसायनशास्त्राची ओळख, संगणकाची ओळख, व्यवसायाची ओळख आणि गुन्हा व न्याय यांची ओळख. चौघांशीही मुलांची ओळख व्हायची, मैत्री एकाशीही नाही. चारही तासांना मस्टर एकच आणि रोल नंबरही एकच. त्याच नंबरावर प्रयोगशाळेतलं टेबल, त्याच नंबरावर कॉम्प्युटर.

एक्केचाळीस नंबर हेमंतचा. दाभोळचा मुलगा, अबोल, मागच्या बाकावर बसणारा. पहिल्या वर्षीच दिवाळीच्या सुट्टीत काकाबरोबर होडीवर गेला. काका पुढे जाळं ओढत होता. मागे वळून बघतो तर होडीत हेमंतच्या चपला होत्या, हेमंत नव्हता. आठ दिवस शोध घेतला. काही सापडलं नाही.

वर्ष संपल्यावर मी नियमाप्रमाणे कॉलेज सोडल्याचा दाखला तयार केला, खाकी लिफाफ्यात घातला, दाखल्यांच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिलं आणि त्याच्या आईला, वयनींना, बोलावलं. दाखला मिळाल्याची सही झाली की मस्टरवरचं नाव कापायचं, अशी आमची पद्धत.

वयनी आल्या. रजिस्टरमधल्या सही आणि तारखेच्या रिकाम्या रकान्यांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

"मी नाय नेणार, भाऊसाहेब. ज्याचा दाखला त्यानं न्यावा."

"मग नाव कापता येणार नाही, वयनी."

"कापायला कोण सांगतंय? नि नंबर तोच ठेवा. आला तर गोंधळंल पोर."

मी नियम पाळला. मस्टर नवीन, मुलं नवीन, एक्केचाळीस नंबर जुना. दर जूनमध्ये वयनी दाभोळहून एसटीने यायच्या, मस्टरवरचं नाव बघायच्या आणि वाळवलेल्या बांगडा मासळीची पुडी माझ्या टेबलावर ठेवून जायच्या. कारकून कधी लाच घेत नाही असं नाही, पण नाव न कापण्यासाठी मिळालेली ती पहिलीच!

* * *

पहिला किस्सा रसायनच्या मॅडमचा. यांना स्वतःच्या मुलावरसुद्धा पुराव्याशिवाय विश्वास नव्हता.

टायट्रेशनचं प्रॅक्टिकल होतं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा आणि फ्लास्कमधलं पाणी जेमतेम गुलाबी झालं की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की सरबत. प्रयोगशाळेचे मदतनीस मस्टर बघून सगळ्या टेबलांवर मांडामांड करत, त्यामुळे एक्केचाळीसवरही केली. समोर उभं राहायला कोणी नव्हतं.

तास संपताना मॅडम फेरी मारत आल्या. सगळीकडे लालभडक सरबत. एक्केचाळीसवर फिकट गुलाबी. इतकं फिकट की मॅडमनी फ्लास्कमागे पांढरा कागद धरून पाहिलं.

ऑफिसात येऊन पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, मार्क देता येत असतील तर सांगा. अख्ख्या वर्गात, जो नाही त्याचंच बरोबर आलंय!"

* * *

संगणकाचे सर पुण्याचे. रत्नागिरीत आल्यापासून दमट हवेला शिव्या देत. मशीन बंद पडलं तरी हवा आणि चालू झालं तरी हवा.

पहिल्या तासाला ते मुलांकडून छोटा प्रोग्राम करून घेत. नाव टाइप करायचं, मशीन 'नमस्कार' म्हणणार आणि ते नाव सरांच्या स्क्रीनवर यादीत दिसणार. यादीत एक्केचाळीसवर 'हेमंत' आलं. सर उठून बघायला गेले. खुर्ची रिकामी. त्या मशीनचा कीबोर्डसुद्धा मेमध्ये दुरुस्तीला गेलेला.

"व्हायरस," सर म्हणाले आणि त्यांनी वायर काढली. नाव राहिलं. प्रोग्राम पुन्हा चालवला. नाव पुन्हा आलं.

दुसऱ्या दिवशी सरांचा अर्ज माझ्या टेबलावर. मी तो जपून ठेवलाय. 'मशीन क्र. ४१ विजेशिवाय चालत आहे. कृपया त्यास वीजजोडणी द्यावी, म्हणजे ते का चालते याचे कारण सांगता येईल.'

* * *

व्यवसायाच्या तासाला पाच-पाच जणांचे गट असत. गटाने एक काल्पनिक धंदा उभा करायचा आणि प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहायचं. गटातला पहिला नंबर अध्यक्ष. एक्केचाळीस ते पंचेचाळीस या गटाने बोटीवर बर्फात मासळी ठेवायची योजना केली. शहरातली पोरं, होडीत कधी बसली नव्हती. पण कुठल्या वाऱ्याला कुठे जाळं टाकायचं, खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा कुठून कुठे सरकतो, सगळं तपशीलवार. प्रत्येक इतिवृत्ताच्या डोक्यावर: 'अध्यक्षस्थानी रो. नं. ४१'.

व्यवसायाच्या मॅडमनी बेचाळीस नंबरच्या मुलीला उभं केलं. "हे तुला कोणी सांगितलं?"

"अध्यक्षांनी."

"ते येतात?"

"येतो की, मॅम. मागे बसतो. फार बोलत नाही. आता म्हणतोय, हे माझं शेवटचं वर्ष."

मॅडम मला म्हणाल्या, "गटात एक जण काही न करता नावावर मार्क खातो, हे मी वीस वर्षं बघतेय. असा एकटा राबणारा पहिल्यांदाच बघितला."

मी हसलो. घरी जाताना मात्र लक्षात आलं, की बोटाच्या ठशाने हजेरी घेणारी मशीन बसणार असल्याचं पत्र त्याच सकाळी आलं होतं आणि ते अजून माझ्या ड्रॉवरमध्येच होतं.

* * *

नवे प्रिन्सिपॉल कामसू. मशीन लागायच्या आत मस्टर स्वच्छ हवं, म्हणाले. "ज्याला बोट नाही त्याला नाव नाही. त्या बाईंना बोलवा. सोमवारी दुपारी तीनपर्यंत दाखला नेला तर ठीक, नाहीतर मी माझ्या सहीने नाव कापतो."

सोमवारी वयनी सकाळच्या गाडीने आल्या आणि ऑफिसातल्या बाकावर बसल्या. गुन्हा आणि न्याय शिकवणारे वकीलसाहेब सहीला आले होते. त्यांनी हळुवारपणे समजावलं, "सात वर्षं काही खबर नसली की माणूस गेला असं कायदा धरून चालतो, वयनी."

"कायद्याला खबर नाय आली असंल," वयनी म्हणाल्या.

वकीलसाहेबांनी मान खाली घालून सही उरकली.

मग वयनी माझ्याकडे वळल्या. "मी सही केली म्हणजे मीच त्याला घालवला की नाय, भाऊसाहेब? त्यानं स्वतः नेला तर माझं काय म्हणणं नाय. मी त्याला हाकलणार नाय."

घड्याळात दोन वाजले होते.

वकीलसाहेबांचा तास होता. विषय, साक्षीदार. दरवर्षी ते एक प्रयोग करत. ते फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना आमचा शिपाई रमाकांत तोंडाला रुमाल बांधून घुसायचा आणि टेबलावरची वस्तू उचलून पळायचा. मग मुलांनी चोराचं वर्णन लिहायचं. पन्नास मुलं, पन्नास चोर! पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या रमाकांतला कोणी पहिलवान लिही, कोणी बाई.

"चोरायला काहीतरी द्या," वकीलसाहेब म्हणाले. "आणि टेबल खरं वाटावं म्हणून एखादं रजिस्टर."

चोरीच्या सरावाला सगळ्यात सुरक्षित वस्तू कोणती? जी कोणी नेत नाही ती. सात वर्षं कोणी न नेलेला एकच लिफाफा माझ्यापाशी होता. तो दिला, आणि त्याच्याखाली होतं ते दाखल्यांचं रजिस्टरही. तीनच्या आत परत येणारच होतं.

अडीचला रमाकांत धापा टाकत ऑफिसात. "भाऊसाहेब, साहेबांच्या चहात अडकलो. आत्ता वर्गात घुसलो, तर पोरं हसायला लागली. म्हणतात, चोर येऊन गेला!"

त्याच्या मागोमाग वकीलसाहेब, हातात कागदांचा गठ्ठा आणि काखेत रजिस्टर. "रमाकांतऐवजी कोणाला पाठवलंत?"

"कोणालाच नाही."

त्यांनी कागद माझ्यापुढे टाकले. त्रेपन्न मुलं हजर होती. मधल्या सुट्टीच्या वेळेवर ज्यांचं कधी एकमत झालं नाही त्या मुलांनी त्रेपन्न कागदांवर एकच माणूस लिहिला होता. वय अठरा-एकोणीस. सावळा. निळा शर्ट. डाव्या भुवईवर व्रण. पळाला नाही, चालत आला. लिफाफा घेतला, रजिस्टर उघडलं, सही केली आणि गेला.

"सही करून चोरी करणारा चोर तीस वर्षांच्या वकिलीत पाहिला नाही," वकीलसाहेब म्हणाले. आवाजात गंमत नव्हती.

वयनी बाकावरून उठल्या. "पायात काय होतं, बघा जरा."

मी एक कागद पाहिला, दुसरा पाहिला. "अनवाणी."

"चपला घरी हायत त्याच्या," वयनी म्हणाल्या.

मी रजिस्टर उघडलं. हेमंतच्या नावापुढच्या रकान्यात सही होती. शेवटचं अक्षर खाली ओढलेलं. प्रवेश-अर्जावरची सही काढून शेजारी धरायचं मनात आलं. धरली नाही.

वयनींनी सहीवरून बोट फिरवलं आणि ते शेजारच्या रकान्यावर थांबलं. तो अजून रिकामाच होता.

"तारीख घालायला विसरला. पयल्यापासून तसाच." त्यांनी पदराने बोटाची शाई पुसली. शाई ओली होती. "तुम्हीच घाला, भाऊसाहेब. आजची."

मी तारीख घातली. तीनला पाच मिनिटं कमी होती.