रेडिएटरमधली हळद

रेडिएटरची टोपी काढली आणि आत पाहिलं, तर पिवळंजर्द पाणी.

"बाई, याच्यात हळद कोनं टाकली?"

"मीच टाकली," कमलाबाई म्हणाल्या. "ट्रकवाले टाकतात, म्हणून मी बी टाकली. काहून, चुकलं का?"

"बाई, ही गाडी आहे. वरण नाही."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा नागपूरचा मे महिना होता. कॉटन मार्केटजवळ माझं छोटं गॅरेज होतं. कमलाबाई कुहीकडच्या शेतकऱ्याची लेक. नऊवारीचा पदर खोचून त्या दोन सीटची, वरून उघडी विलायती स्पोर्ट्स कार चालवायच्या आणि बर्डीचा सगळा बाजार वळून बघायचा. नवरा वकील होता. देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाकडून त्याने ती घेतली आणि स्वतःच्या आधी बायकोला शिकवली. तो वारला त्याला वर्ष होत आलं होतं.

गाडीचं दुखणं असं, की ती पाणी प्यायची. त्या काळी आमच्याकडे कूलंट म्हणजे नळाचं पाणी. ते इंजिनातून फिरतं, उष्णता घेतं, पुढच्या रेडिएटरमध्ये गार होतं आणि परत जातं. ते संपलं की इंजिन तापून जॅम. बाईंची गाडी सदर भागातून बर्डीपर्यंत येईतो काटा लाल रेषेवर जायचा. आणि गाडीखाली एक थेंब नाही. म्हणून हळद. हळदीचा गाळ बारीक भोकात अडकतो आणि गळती थांबते, असा सगळ्या ड्रायव्हर लोकांचा इलाज. भोक बुजतं की नाही ते देव जाणे, रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र नक्की तुंबतात.

दुसऱ्या एका गॅरेजने निदान करून टाकलं होतं, ब्लॉकला तडा. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. त्याला तडा गेला तर पाणी आतल्या आत जळून जातं, बाहेर दिसत नाही. तसं असेल तर खेळ खलास. तो ब्लॉक नागपुरात काय, मुंबईतही मिळाला नसता. बाईंचे दीर भाऊसाहेब तर भंगारवाल्याशी बोलूनसुद्धा आले होते.

"भाऊजी म्हणतात, ठेवून काय पूजा करता?" बाई म्हणाल्या. "मिस्त्री, मले एवढंच सांग. तडा आहे का नाही? तू आहे म्हणशील तर मी हट्ट नाही करणार. देऊन टाकीन."

आता हे माझ्यावर आलं. गाडी जगवायची की तोडायची, ते माझ्या एका शब्दावर.

मी ऑइल पाहिलं. तड्यातून पाणी ऑइलमध्ये उतरलं की ते दुधाच्या चहासारखं दिसतं. इथे काळंभोर. स्पार्क प्लग काढले, कोरडे. रबरी पाइप दाबून पाहिले, वॉटर पंप हलवून पाहिला, सगळं ठणठणीत. इंजिन चालू करून तापू दिलं. पाणी उतरलं आणि खाली जमीन कोरडी. इतकी साळसूद गाडी मी पाहिली नव्हती. दुपार झाली. आतून वाटत होतं, तडाच असणार. पण बाई समोर स्टुलावर बसलेल्या. सांगवेना.

असं अडलं की मी तंबाखू मळतो. मळून तोंडात टाकली, आणि निदान ते कोमट झालेलं हळदीचं पाणी तरी काढून टाकू म्हणून रेडिएटरचा खालचा कॉक सोडला. गाडीखालून हात बाहेर काढला तर अंगठा लालभडक.

"अगा, कापलं का?" बाई उठल्याच.

मी हात धुतला. कुठे खरचटलेलंही नव्हतं. पुन्हा धारेखाली धरला. नखाच्या कडेला चुना राहिला होता, तेवढीच जागा लाल झाली.

हळद आणि चुना. आमच्या घरी हातमाग. रंगाच्या हंड्यांजवळ मी लहानाचा मोठा झालो, कुंकू कशाचं करतात हे मला कोणी सांगायला नको होतं. तरी ते सुचायला अंगठा लाल व्हावा लागला. मी झटकन कॉक बंद केला आणि सांडलं तेवढं हळदीचंच पाणी कालवून परत भरलं.

इंजिन पुरतं गार होऊ दिलं. रॉकेलने सगळा चिकटा धुतला. पानठेल्यावरून डबाभर चुना आणला, पातळ केला आणि ब्रशने इंजिनाला सगळीकडून फासला.

"पोळा आला का गा?" बाई म्हणाल्या. "बैल रंगवून राहिला का?"

तेवढ्यात भाऊसाहेब आले, भंगारवाल्याला घेऊनच. "मिस्त्री, गाडीले चुना लावून राहिला का आमच्या वहिनीले?"

"दोघायलेही नाही," मी म्हणालो. "थोडं थांबा."

चुना सुकला तसं मी इंजिन चालू केलं. काटा चढत गेला. मी आरसा आणि बॅटरी घेऊन वाकलो. वरचा भाग पांढरा. डावी बाजू पांढरी. उजवीकडे मॅनिफोल्ड असतो, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा लोखंडी नळा. त्याच्या मागे आरसा धरला.

पांढऱ्या भिंतीवर एक लाल ठिपका उमटत होता. वाटोळा, रुपयाएवढा. माझ्या डोळ्यांदेखत तो गडद होत गेला. आयुष्यभर मी इंजिनांना कान लावून त्यांचं दुखणं विचारत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा एका इंजिनाने आपण होऊन बोट ठेवून दाखवलं. मी नकळत हात जोडले.

"बाई, या. तडा नाही."

बाई वाकल्या. आरशात त्यांना तो ठिपका दिसला. त्यांचा हात आपल्या कपाळाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

इंजिन बंद करून मी पुसायला फडकं उचललं.

"पुसू नको गा," बाई म्हणाल्या. "राहू दे थोडा वेळ."

भाऊसाहेबांनी भंगारवाल्याला हातानेच जायला सांगितलं. मग डोक्यावरची टोपी काढून तेही तिथेच उभे राहिले.

त्या ठिपक्याच्या जागी कोअर प्लग होता. ब्लॉक ओतताना त्यात भोकं राहतात, ती पत्र्याच्या चकतीने बंद करतात, तो हा. गंजून त्याला सुईएवढं भोक पडलं होतं. गार असताना बंद, तापलं की उघडं. बाहेर येणारं पाणी तापलेल्या मॅनिफोल्डवर पडून तिथेच उडून जायचं, मग थेंब दिसणार कुठून? मॅनिफोल्ड उतरवून जुनी चकती काढली, लेथवर पितळेची नवी करून घेतली आणि ठोकून बसवली. खरा वेळ गेला तो रेडिएटरमधून हळद धुऊन काढण्यात.

मग बाई गाडी घेऊन रामटेकला जाऊन आल्या. शेजारच्या सीटवर भाऊसाहेब होते. उतरले तेव्हा त्यांचे केस उभे होते आणि एका हाताने दार अजून घट्ट धरलेलं होतं. मी गाडी गार होऊ दिली आणि रेडिएटरची टोपी काढली. स्वच्छ पाणी, जिथवर भरलं होतं तिथवर.

रेडिएटरमध्ये हळद टाकू नका, हे मी आजही प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. तरी कोणी टाकून आणलीच, तर शिव्या नंतर देतो. आधी पानठेल्यावर जाऊन येतो.