सिस्टरांचा जपानी वॉर्ड

डिस्कला हात लावण्याआधी सिस्टर कोपरापर्यंत हात धुवायच्या. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडेनं. मग दोन्ही हात वर धरून, पाणी निथळू देत त्या मोरीतून बाहेर यायच्या. मी बदली होऊन आले होते आणि त्यांच्या वरच्या खोलीत नवीनच भाड्यानं राहत होते. त्यांना असं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, घरात कुणाचं तरी बाळंतपण चाललंय. मी घाबरून विचारलं, "सिस्टर, आत कोण आहे?"

"जपानहून आलंय," त्या म्हणाल्या. "तुमी दार लावून घ्या मॅडम, धूळ येऊन राहिली."

आत टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला होता आणि त्यावर एक चपटी निळी डबी होती. डबीवर तलवार उगारलेली एक मुलगी आणि तिच्या मागे दहा मजली लोखंडी राक्षस. सिस्टरांनी डबी उघडली, डिस्क कडेनं दोन बोटांत धरली, उजेडात तिरपी करून पाहिली आणि म्हणाल्या, "एक ओरखडा न्हाई. तब्येत चांगली हाय." मग ती डिस्क 'ॲडमिट' झाली.

सिस्टर कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात नोकरीभर नर्स होत्या. गावातल्या निम्म्या तरुण मंडळींना जन्मल्याबरोबर उलटं धरून रडवणाऱ्या त्याच. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका सोनं करतात, तीर्थाला जातात. सिस्टर जुन्या जपानी मारधाडीच्या सिनेमांच्या, नव्यानं स्वच्छ करून काढलेल्या डिस्का जमवू लागल्या. हाडामांसाच्या नटांचे नव्हे, हातानं काढलेल्या चित्रांचे सिनेमे. त्यांना कार्टून म्हटलेलं मात्र चालायचं नाही. "कार्टून लेकरायचं असतंय," त्या म्हणायच्या. "ह्यात मानसं मरतेत."

त्यांचं खरं नाव घरपट्टीच्या पावतीपुरतंच उरलं होतं. नवरासुद्धा त्यांना सिस्टर म्हणायचा. तो एसटीतून निवृत्त झालेला, म्हणून त्या त्याला कंडक्टर म्हणायच्या. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. मुलगी पुण्यात नोकरीला. ती फोनवर रोज विचारायची, "आईनं परत काही मागवलं का?" आणि दादा बायकोकडे बघत म्हणायचे, "न्हाई बा, काहीच न्हाई." पाठीमागं कुरिअरवाला सही मागत उभा असायचा.

घरातलं पोलादी कपाट म्हणजे वॉर्ड. साड्या कधीच पत्र्याच्या ट्रंकेत गेल्या होत्या. वरच्या कप्प्यात यंत्रमानवांचे सिनेमे, मधल्यात तलवारीचे, खाली मोटारसायकलींचे. प्रत्येक कप्प्यात ओल शोषणाऱ्या त्या छोट्या पुड्या, ज्या त्यांनी गावातल्या चपलांच्या दुकानांतून मागून आणलेल्या. उन्हाळ्यात कूलरचं तोंड माणसांकडे नसायचं आणि कपाटाकडेही नसायचं. माणसांकडे केलं तर कपाट तापतं, कपाटाकडे केलं तर ओल धरते. त्यामुळे कूलर भिंतीला वारा घालायचा आणि आम्ही सगळे घामाघूम.

हे वेड लागलं कुठून, ते त्यांनी मला एकदा तूर निवडता निवडता सांगितलं. नांदेडला नर्सिंगच्या होस्टेलात असताना मुलींनी व्हिडिओ भाड्यानं आणला होता. हिंदी सिनेमा मागितला आणि दुकानदारानं चुकून भलतीच कॅसेट दिली. लागलं ते जपानी. कुणाला शब्द कळेना, पडद्यावर मुंग्या, चित्र हलतंय. मुली ओरडून उठून गेल्या. सिस्टर एकट्या बसून राहिल्या. एक मुलगी जळक्या शहरावरून उडत चालली होती आणि आभाळ मातकट होतं, आपल्याकडं वावटळीत होतं तसं.

"मला वाटायचं, त्या देशात आभाळच तसं असंल," त्या म्हणाल्या. "मग पोरीच्या घरी पुण्याला गेले, तं जावयाच्या टीव्हीवर तोच सिनेमा. नवा करून काढलेला. आभाळ निळं होतं हो मॅडम! लख्ख निळं. म्हंजी घाण कॅसेटीला होती. मी काहून इतकी वर्सं त्या आभाळाला नावं ठेवली?"

तुरीतला खडा बाजूला टाकून त्या पुढं म्हणाल्या, "कुणीतरी बसून एक एक डाग पुसला असंल. वळख ना पाळख. असं काम करनाऱ्याचं आपल्या घरात काहीतरी पायजे."

पण साफसफाईचंही त्यांना तारतम्य होतं. एकदा एका आवडत्या सिनेमाची नवी डिस्क आली. त्यात रंग असे काही धुऊन काढले होते की माणसं मेणाची दिसत होती. चित्रकाराच्या पेन्सिलीची रेघ, कागदाचा खरखरीतपणा, सगळं गायब. सिस्टरांनी अर्ध्यातून बंद केलं. "जखम साफ करायची का कातडी सोलायची?" त्या इतक्या चिडल्या होत्या की शेजारच्यांना वाटलं, दवाखान्यातल्या कुणाला तरी झापणं चाललंय. ती डिस्क मोटारसायकलींच्याही खालच्या, रिकाम्या कप्प्यात, इतरांपासून वेगळी, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली गेली. त्या कप्प्याला आयसोलेशन म्हणत.

पहिली जपानी डिस्क आली तेव्हा आपल्याकडच्या यंत्रानं ती घेतलीच नव्हती. डिस्क कुठल्या मुलुखातली आहे हे यंत्र तपासतं आणि परकी असली तर परत काढतं, हे दुकानदारानं समजावून सांगितलं. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "म्हंजी हेबी आधी विचारतंय, तुमी कुठले म्हणून. आमाला सवय हाय. दुसरं दाखवा." शेवटी जावयाच्या मित्रानं परदेशातून आणलेलं यंत्र आलं. ते कुणालाच काही विचारत नसे. सिस्टर त्याला फार मानायच्या.

आता भाषेचा प्रश्न. बोलणं जपानी, खाली इंग्रजी ओळी, आणि त्या पळायच्या भरभर. तिथं दादा कामाला यायचे. दादा बी.ए. झालेले, इंग्रजी घेऊन. नोकरी मात्र मिळाली ती तिकिटं फाडायची. हिंगोली-नांदेड गाडीवर आयुष्य गेलं, पण इंग्रजी वाचायची आवड राहिली. ते पडद्याशेजारी खुर्ची टाकून बसत आणि सगळ्या पात्रांचं बोलणं मराठीत करून सांगत. आवाज मात्र त्यांचा एकच, गाडीतला. शहरावर राक्षस चालून येतोय, लोक पळताहेत, सेनापती गंभीरपणे काहीतरी हुकूम देतोय आणि दादा म्हणताहेत, "चला मागं सरका, मागं जागा हाय! दारात गर्दी करू नका!" तलवारवाली मुलगी पुलावर सात जणांना अडवते तेव्हा, "पुढची गाडी रिकामी येऊन राहिली, तिच्यात बसा." मी ते सिनेमे पुढं एकदा दुसरीकडं पाहिले. मला ते फिके वाटले.

एका पौर्णिमेला मोठी गंमत झाली. सिस्टरांकडं जपानहून पाकीट आल्याचं कुणीतरी पाहिलं आणि वस्तीत बातमी पसरली की सिस्टरांनी तथागतांच्या जीवनावरचा सिनेमा मागवलाय. संध्याकाळी विहारातली वंदना आटोपून पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका रांगेनं घरात आल्या, हात जोडून बसल्या. मी सिस्टरांना हळूच म्हटलं, "सांगा ना त्यांना." सिस्टर म्हणाल्या, "पहिल्यांदा इतकी मंडळी आली माझ्याकडं. आता परत धाडू काय?"

सिनेमा सुरू झाला. समुद्रातून लोखंडी हात वर आला आणि त्यानं जहाज चुरगाळलं. एक मुलगी तलवार घेऊन त्या हातावर धावली. बायकांनी जोडलेले हात हळूहळू मांडीवर आले. दादांनी न डगमगता काम चालू ठेवलं. सगळ्यात पुढं बसलेल्या गंगूमावशी, वय झालेल्या, डोळ्यांवर जाड चष्मा, शेवटपर्यंत मान ताठ ठेवून पाहत होत्या. दिवे लागले तसं त्या म्हणाल्या, "सिस्टर, सिनेमा चांगला हाय. पण ती पोरगी सकाळपासून लढून राहिली, तिला कुणीच जेवाया घालंना. असं कसं गाव?"

"खरंय मावशी," सिस्टर म्हणाल्या. "सलाईन तरी लावायला पायजे होतं."

पुढच्या पौर्णिमेला मावशी परत आल्या, सोबत डब्यात धपाटे घेऊन. पोरीसाठी नव्हे, पाहणाऱ्यांसाठी. मग तो रिवाजच पडला.

असं छान चाललेलं असताना एका सकाळी दादांच्या हातातून चहाची कपबशी पडली. मी जिन्यात होते. आवाज ऐकून खाली आले तर सिस्टर त्यांच्यासमोर उकिडव्या बसून म्हणत होत्या, "हसा बरं. हात वर करा." दादांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात वर येत नव्हता. सिस्टर उठल्या. ना आरडाओरडा, ना रडणं. "मॅडम, गाडी बोलवा. नांदेडला न्यायचंय, इथं थांबायचं न्हाई." त्या वेळेवर नेऊ शकल्या म्हणून दादा वाचले, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

दादा घरी आले ते काठीच्या आधारानं चालत, पण बोलणं गेलं होतं. कळायचं सगळं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच मोडायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांच्याशी बोलत राहा, बोलायला लावा. सिस्टर सकाळ-संध्याकाळ समोर बसायच्या. "म्हणा, पाणी. म्हणा, भाकर." दादा तोंड फिरवायचे. ज्या माणसानं भरलेल्या गाडीला आवाजानं मागं सरकवलं, त्याला लहान लेकरासारखं 'पाणी' म्हणायचं जिवावर यायचं. हळूहळू त्यांनी प्रयत्नच सोडला. कपाट बंद होतं. कुरिअरवाला आला तर सिस्टर पाकीट न उघडता कपाटावर ठेवून द्यायच्या. पौर्णिमेला गंगूमावशी आल्या, धपाटे ठेवून, थोडं बसून गेल्या.

एका दुपारी खालून तलवारींचा खणखणाट ऐकू आला. मी धावत गेले. सिनेमा लागला होता, दादा समोर पलंगावर बसलेले, आणि पडद्याशेजारच्या त्यांच्या खुर्चीतून सिस्टर इंग्रजी ओळी वाचून मराठी करत होत्या. सेनापती आपल्या वडिलांच्या खुन्याला शोधत बर्फातून आला होता. त्यानं तलवार उपसली आणि सिस्टरांच्या तोंडून म्हणाला, "जेवनानंतर दोन गोळ्या घ्या. खारट खाऊ नका." खुनी म्हणाला, "मग बीपी तपासून घेतो." मी हसू दाबलं. दादांकडं पाहिलं तर त्यांच्या कपाळाला आठ्या. सिस्टर पुढं चालल्याच होत्या. सेनापतीची म्हातारी आई मरताना मुलाचा हात धरून काही सांगत होती. सिस्टर म्हणाल्या, "बाळा, लघवी तपासायला दिली का?"

दादांनी काठी जमिनीवर आपटली.

"चू... चू..." त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "चूक!"

सिस्टरांनी चित्र थांबवलं. मागं वळून पाहिलं नाही. "काय चूक हाय? सांगा की."

दादा बराच वेळ ओठ हलवत राहिले. मग म्हणाले, "स... सगळं."

"बरं," सिस्टर म्हणाल्या, "हात धुऊन येते," आणि मोरीत गेल्या. नळ सुरू झाला तो चालूच राहिला. दादा आणि मी थांबलेल्या चित्राकडे बघत बसलो. हात धुवायला एवढा वेळ लागत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि आवाज नेहमीचा. "चला. पुढचं तुमी सांगा. मला काई येत न्हाई."

मी नंतर त्यांना विचारलं, "मुद्दाम चुकीचं सांगत होतात ना?"

"मी काहून मुद्दाम चुकू? माझं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचं." एवढं बोलून त्या भांडी घासू लागल्या. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही.

त्यानंतर रोज दुपारी वॉर्ड उघडला जाऊ लागला. दादांच्या वाट्याला शब्द आले ते थोडे. 'चला', 'थांबा', 'न्हाई', 'उतरा', 'बराबर'. एवढ्यात ते सगळा सिनेमा बसवायचे. राक्षसाला 'थांबा', पळणाऱ्यांना 'चला', खलनायकाला 'उतरा'. गंगूमावशी म्हणाल्या, आता जास्त नीट समजतंय.

माझी बदली झाली. सामान बांधून झालं होतं, दुसऱ्या दिवशी टेम्पो यायचा होता. सिस्टरांनी खाली बोलावलं. नवी डिस्क आली होती, थेट जपानची, झगमगत्या डबीत. लावली तर लक्षात आलं की खाली ओळीच नाहीत. ना इंग्रजी, ना काही. मागवताना सिस्टरांनी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, "आता कसं हो?"

"आता काय," सिस्टर म्हणाल्या. "आज आमी तिघंबी सारखेच. कंडक्टर, सांगा."

आणि दादांनी सांगितलं. अडखळत, मनानं रचून, मधेच नवे शब्द सापडत. कुठल्याशा राजाचं कुठल्याशा राजाशी कशावरून तरी भांडण होतं. दादांनी ते गाडीतल्या खिडकीच्या जागेवरून झालं, असं लावून दिलं. आम्ही पोट धरून हसलो. शेवटी मात्र तो लढणारा माणूस, सगळ्यांना वाचवून, एका झाडाखाली टेकला. त्याची मान कलली. कुणी रडत नव्हतं, नुसता वारा वाहत होता आणि पानं पडत होती. काय झालं ते कुणालाही कळावं असं होतं. सिस्टरांना तर दवाखान्यातल्या आयुष्यभराची ओळख त्या दृश्याची. आम्ही दादांकडं पाहिलं.

दादा पडद्याकडे बघत राहिले. मग सावकाश, एकेक शब्द नीट पुसून ठेवावा तसं म्हणाले, "थकला. लई लढला. झोपू... झोपू द्या त्याला."

सिस्टरांनी रिमोट उचलला आणि आवाज बारीक केला.