दहावा चहा

सुंठ सहा ग्रॅम. वेलदोडे चार, सालीसकट. काळी मिरी अकरा दाणे.

दगडाला वास असतो का?

उद्या सकाळी साडेसहाची एसटी. मामीची बॅग दाराशी उभी आहे आणि तिच्यावर छत्री आडवी ठेवली आहे.

गुरवबाई पाढे म्हणायला लागल्या की शाळेच्या मैदानापलीकडच्या दगडी गडग्यावर बसलेला कावळा उडायचा.

पातीच्या चहाचं, गवती चहाचं, पातं बोट कापतं. रक्त यायच्या आधी वास येतो.

"चांगला झालाय गो. पण हा चहा दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला आहे."

नऊ.

*

ओटीवर चटई टाकून मी हे सगळं पुन्हा पुन्हा मोजते आहे. दुपारचे अडीच वाजलेत, लांज्यात या वेळेला कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. आत मामी भिंतीकडे तोंड करून पडली आहे. झोपलेली नाही. तिचं झोपणं आणि नुसतं पडणं मला आता आठ दिवसांनी वेगवेगळं ओळखता येतं.

विश्राममामा जाऊन चार महिने झाले. तो इथल्या एका वैद्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. दर शनिवारी दुपारी घरच्या दगडी खलात तो चहाचा मसाला कुटायचा आणि हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीत भरायचा. त्या मसाल्याचा चहा मामी दिवसातून चार वेळा प्यायची, आणि जे काही बोलायची ते चहा पिताना बोलायची. तो गेला तेव्हा बाटली अर्धी होती. दहा दिवस माणसं भेटायला येत राहिली. येणाऱ्याच्या हातात कप दिला जात होता. अकराव्या दिवशी बाटली रिकामी झाली, आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की मामीने त्यातला एकही घोट घेतलेला नाही.

तिने चहा सोडलेला नाही. करून दिला तर घेते. एक घोट घेते आणि कप खाली ठेवते. बोलणंही तसंच झालं आहे.

उद्या मुलगा तिला अंबरनाथला नेणार. घराला कुलूप लागेल. मी पुण्याच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतून रजा घेऊन, बॅगेत एक छोटा वजनकाटा टाकून आले, कारण मला वाटलं होतं की ही मोजमापाची गोष्ट आहे. आठ दिवसांत नऊ चहा झाले. जायफळ घालून, जायफळ न घालता. लवंग भाजून. बडीशेप. तुळस. आता एक सकाळ उरली आहे, आणि निघण्यापूर्वी तिने एक कप तरी पुरा प्यावा एवढंच मला हवं आहे.

पंखा फिरतो. एका पात्याचा आवाज जरा वेगळा आहे. ठक, आणि मग दोनदा हवा. ठक. कुणीतरी

कुटतं आहे.

*

ओटीच्या शेवटच्या पायरीला दवाखान्याची खिडकी आहे. खिडकीला जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक, भोकामागे मामा. अर्ध्या बाह्यांचा सदरा. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. तो पुड्या बांधतो आहे.

"नाव?" वर न बघता तो विचारतो.

"मामा, मी हेमा."

"वय?"

"मामा!"

"ओळखलं गो. पण नाव-वय विचारल्याशिवाय पुडी द्यायची नाही, हा नियम आहे."

"तू गेलास ना?"

"गेलो की. म्हणून काय खिडकी बंद ठेवायची? तुझा नंबर तेविसावा आहे."

मागे वळून बघते तर रांगेत कुणीच नाही. अंगणात नुसत्या चपला आहेत, बावीस जोड, एकामागे एक.

"मामा, तुझ्या मसाल्यात काय असायचं?"

"तुला सांगायला हवं? सुट्टीत पाटावर बसून माझ्यापेक्षा जास्त तूच बघायचीस."

"नऊ वेळा केला. मामीला पटत नाही."

"काय म्हणते बाई?" बायकोला तो बाईच म्हणायचा, शाळेतल्या तिच्या विद्यार्थ्यांसारखा; गावाला ती गुरवबाई.

"म्हणते, चांगला झालाय, पण दुसऱ्याच्या घरातला आहे."

मामा हसतो. हसताना त्याचा एक खांदा वर जातो, हे मी विसरून गेले होते. "पैकीच्या पैकी मार्क तिने कुणाला दिलेत? मला पस्तीस वर्षांत दिले नाहीत."

त्याच्या मागे भिंतभर खण आहेत. तो एक ओढतो. "वास घे."

वेलदोडा. मी मान आणखी आत घालते. आत खण संपत नाही, आत शाळेचा व्हरांडा आहे. मी वाकून आत जाते आणि सरळ उभी राहते. व्हरांड्यात उन्हाचे चौकोन पडलेत. वास वेलदोड्याचाच, पण ओल्या खडूचाही.

"हा होता का? खडू?"

"वेड लागलंय काय? खडू घालीन चहात?" मामा माझ्या शेजारून चालतो आहे. हातात बत्ता, पायात काही नाही. "पण विचारलंस ते बरं केलंस. सगळं विचार."

"जायफळ?"

"बाईला घातलं असतं तर ती तिसऱ्या तासाला टेबलावर डोकं ठेवून झोपली असती. आणि इन्स्पेक्टर आला असता तर?"

"दालचिनी?"

"मागच्या झाडाची. साल जाड. तू बाजारची घेतलीस ना? पातळ, सिगरेटसारखी वळलेली?"

"ती पाचव्या वेळेला बदलली."

"मग ते नव्हे."

व्हरांड्याच्या टोकाला पातीच्या चहाचं बेट आहे, परसातलं, न्हाणीघराच्या पाण्यावर वाढलेलं. त्याच्या पात्यांवर पट्टीसारख्या खुणा आहेत. मी एक पातं सरळ करून वाचायला लागते. सात सेंटिमीटर. अकरा. तेरा पॉइंट दोन.

"मोजतेस काय?"

"किती घालायचास?"

"मुठीत येईल तेवढं."

"कुणाच्या मुठीत?"

"हा प्रश्न बरा आहे," मामा म्हणतो, आणि आपली मूठ उघडून तिच्याकडे असं बघतो जसं ती त्यालाही आत्ताच सापडली आहे.

*

वर्ग.

मामी फळ्यापुढे उभी आहे. तीस वर्षांची, कानांत कुड्या, पदर खोचलेला. ती एकोणतिसाचा पाढा म्हणते आहे. ओठ हलतात, हात हलतो, आवाज येत नाही. बाकांवर मुलं नाहीत, बरण्या आहेत, झाकणं घट्ट लावलेल्या. टेबलावर पृथ्वीचा गोल असायला हवा, तिथे घरचा खल आहे.

"तिचा आवाज कुठे गेला?"

मामा खलापाशी जातो, खांद्यावरचा पंचा काढतो, खल आतून पुसायला हात घालतो आणि थांबतो. नाक आत घालतो. बराच वेळ.

"हा कुणाचा?"

"आपलाच."

"नाही. आपल्याला वास आहे. हा आत्ता बाजारातून उतरवल्यासारखा आहे." तो नखाने तळ खरवडतो, नख चाटतो. "काहीच नाही. हेमे, कुणी धुतला?"

माझ्या हातात काटा आहे. मी काट्याकडे बघते. काटा शून्य दाखवतो, मग पुन्हा शून्य.

"तुला वास कधीपासून येतो पण?" मी विचारते, विषय बदलायला, आणि खरंच कळायला हवं म्हणूनही. "तुला तर बारमाही सर्दी."

"इथे आल्यापासून नाक सुटलं."

"आणखी काय होतं तिथे?"

तो मनापासून विचार करतो. "नाक मोकळं होतं," तो म्हणतो. "बाकी विशेष काही नाही."

मग तो खिशातून एक काडी काढतो. बोटभर, वरून तपकिरी. मोडल्यावर आत पिवळी, धाग्याधाग्यांची. खलात टाकून कुटायला लागतो. ठक, आणि मग दोनदा हवा.

"ज्येष्ठमध," मी म्हणते. "हे चहात नव्हतं. मला नक्की आठवतं."

"नव्हतंच. चहात मी ते कधीच घातलं नाही. हे बाईच्या घशाचं. साठ पोरांपुढे दिवसभर ओरडायचं म्हणजे घशाला आधार नको? रोज पहाटे कुटायचो आणि मधातून द्यायचो. तुम्ही सगळे घोरत असायचात."

"आणि ती निवृत्त झाल्यावर?"

"निवृत्त शाळेतून झाली. माझ्यावर ओरडायला घसा लागतच होता."

"आणि मग खल?"

"खल काय. पंच्याने पुसला, झालं. दगडाला पाणी लावायचं नसतं, दगड पितो."

मी बोटांवर मोजते. रविवार, सोमवार, मंगळवार. रोज पहाटे थोडं. कडेला चिकटलेलं, खाचांत बसलेलं. आणि शनिवारी दुपारी त्याच खलात सुंठ, त्याच खलात वेलदोडे.

"म्हणजे शनिवारी..."

"म्हणजे काय ते तू बघ. मी कंपाउंडर, तू प्रयोगशाळा."

"तुला माहीत होतं?"

"मला कसं असणार? सांगितलं ना, नाक बंद होतं."

तो चिमूटभर पूड घेऊन फळ्यापाशी जातो आणि मामीच्या तळहातावर ठेवतो. मामी पाढा म्हणता म्हणता ती तोंडात टाकते, तोंड वाकडं करते, आणि "...चोक एकशे सोळा!" एवढ्या जोरात ऐकू येतं की बरण्यांची झाकणं थरथरतात. बाहेर गडग्यावरून काहीतरी काळं उडतं.

मामा माझ्याकडे बघतो. खांदा वर. उरलेला तुकडा माझ्यापुढे धरतो.

"चावून बघ. बघितल्याशिवाय तुझा विश्वास बसायचा नाही."

मी चावते. आधी माती, मग लाकूड, मग

*

कावळा. ओटीच्या कठड्यावर.

घड्याळात तीनला पाच कमी. जीभ गोड आहे, साखरेसारखी नाही, मागून येणारी गोडी. खालच्या दाढेत काहीतरी अडकलं आहे. मी नखाने काढते. पिवळा धागा, नखाएवढा. उजेडात धरते. बोटाने दाबला तर चपटा होतो, सोडला तर तसाच राहतो.

आठ दिवसांत मी या घरात भात, भाकरी, कुळथाचं पिठलं आणि नऊ चहा घेतले आहेत. यातल्या कशातच असा धागा नाही.

"मामी," मी दारातून विचारते, "घरात ज्येष्ठमध आहे?"

भिंतीकडचं तोंड वळत नाही. "कशाला? घसा बसला?"

"हो."

"त्याच्या कपाटात, खालच्या डब्यात असेल. मला आता कुणापुढे ओरडायचंय."

डब्यात सात काड्या आहेत. एक मी खलात बारीक कुटते. पूड वाटीत काढून बाजूला ठेवते. दांडीवर मामाचा पंचा आहे, तो घेऊन खल कोरडाच पुसते, फार नीट नाही. मग त्याच खलात सुंठ टाकते. वेलदोडे. मिरी मोजायला जाते आणि सोडून देते. काटा बॅगेतच आहे. परसात जाऊन पात माझ्या मुठीत येते तेवढी तोडते, आणि मग मामाची मूठ आठवून आणखी थोडी.

मामी उठून बसली आहे. वासाने की बत्त्याच्या आवाजाने, मी विचारत नाही. कप हातात देते. ती एक घोट घेते.

कप खाली ठेवायला हात निघतो. अर्ध्या वाटेत थांबतो. परत वर जातो.

दुसरा घोट. तिसरा. मी खिडकीबाहेर बघते, कारण पेपर तपासणाऱ्या बाईंकडे टक लावून बघायचं नसतं.

रस्त्यावरून शेजारची शेवंती चालली आहे. मामी एकदम ओरडते, "शेवंते! उद्यापासून मी नाही गो! पातीला पाणी घाल, वाळवलीस तर बघ!"

आवाज मध्येच फाटतो, पण गडग्यापलीकडे जातो. शेवंती दचकून वर बघते. "होय बाई," ती म्हणते, शाळेत असल्यासारखी.

मामी कप माझ्यापुढे करते. तळाशी चार थेंब आहेत. "आणखी आहे?"

"आहे."

"काय घातलंस यात?"

"काही नाही. खल धुतला नाही."

"धुवायचा नसतोच तो," मामी म्हणते. "तो हात लावू देत नसे कुणाला. कुणी धुतला होता?"

मी दुसरा कप गाळते. धागा मी मामाच्या पुडीच्या कागदात बांधून ठेवला आहे. तो अजून पिवळा आहे.

मामाच्या तेराव्या दिवशी दुपारी, सगळे जेवून आडवे झाल्यावर, मी खल धुतला. सोडा घालून, उकळत्या पाण्याने, तीनदा.